लॉन नवं, माती जुनी: वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी नाशिक परिसरातून आलेल्या पत्रांत नव्यानं लावलेल्या लॉनच्या तक्रारी बऱ्याच होत्या, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं थोडक्यात छापली आहेत. विचारणा बहुतेकांची पानांबद्दल आहे: पिवळी का पडली, वाळली का. उत्तर मात्र बहुतेक वेळा पानाखाली तीन इंचांवर सापडतं. म्हणून आधी एक विनंती. खुरपं घ्या, उकिडवे बसा आणि खाली काय चाललंय ते बघा.

पाथर्डी फाटा: रो-हाउसच्या पुढच्या ३५० चौरस फुटांत नर्सरीतून आणलेलं मेक्सिकन कार्पेट लॉन आठ दिवसांपूर्वी अंथरलं. सकाळ-संध्याकाळ पाणी मारतो, तरी प्रत्येक तुकड्याच्या कडा पिवळ्या पडून वर वळल्या आहेत आणि सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या आहेत. काय चुकतंय?

पाणी मारणं वेगळं आणि पाणी पोचणं वेगळं. पाइपच्या तोंडाला अंगठा लावून पाच मिनिटं फवारलं की पानं चकाकतात, तुकडा ओला दिसतो, खालची माती मात्र कोरडीठाक राहते. पिवळ्या तुकड्याचा एक कोपरा दोन्ही हातांनी हलकेच उचलून बघा. नर्सरीत हे गवत बरेचदा प्लॅस्टिकच्या कागदावर इंचभर मातीत वाढवलेलं असतं. त्यामुळे तुकड्याची खालची बाजू गिलाव्यासारखी गुळगुळीत असते, कागदाच्या सुरकुत्यासुद्धा तिच्यावर उमटलेल्या दिसतात. आठ दिवसांनी त्या गुळगुळीत थरातून शेवयांच्या टोकांसारखी पांढरी मुळं डोकावायला लागलेली असायला हवीत. ती दिसत नसतील आणि खालच्या जमिनीत बोट खुपसल्यावर ओल लागत नसेल, तर पाणी कमी पडतंय. बोटाला चिखल लागला तर जास्त होतंय. तुमच्या वर्णनावरून पहिली शक्यता दाट दिसते.

आता मोजून द्या. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर. तुमची जागा साधारण साडेबत्तीस चौरस मीटर भरते, म्हणजे ५ मिलिमीटर द्यायला १६० लिटरच्या थोडं वरच पाणी लागेल. तुमच्या पाइपनं १५ लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघा. एका मिनिटात भरत असेल तर हे काम अकरा मिनिटांचं आहे.

उद्या सकाळी एकदा १० मिलिमीटर द्या, पण दोन हप्त्यांत. अर्धं देऊन अर्धा तास थांबा, मग उरलेलं द्या. कोरडा पडलेला थर पहिलं पाणी बाजूला वाहवतो, दुसरं आत घेतो. त्यानंतरचा आठवडा रोज सकाळी ५ ते ६ मिलिमीटर आणि ऊन कडक असेल तर दुपारी तीनच्या सुमारास २ मिलिमीटरचा शिडकावा. दुपारी पाणी दिलं की पानं भाजतात असं म्हणतात, ते खरं नाही. भाजतं ते उन्हात तापलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी. ते आधी बादलीत काढून घ्या. संध्याकाळचं पाणी बंद करा, रात्रभर पान ओलं राहिलं की बुरशीला निमंत्रण मिळतं.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी मूठभर पानं धरून हलकेच वर ओढा. तुकडा उचलला गेला नाही, जमिनीनं धरून ठेवला, की दिवसाआड १० मिलिमीटरवर या आणि महिन्यानंतर आठवड्यातून दोनदा १५ मिलिमीटरवर. उचलला गेला तर आणखी आठवडाभर रोजचंच पाणी. मेक्सिकन मुळं धरायला हरळीच्या जातींपेक्षा वेळ घेतं. रोज थोडं-थोडं पाणी देण्याची सवय मात्र पुढे नेऊ नका. वरच ओल मिळत राहिली तर मुळं खाली जायचे कष्ट घेत नाहीत आणि मग एक दिवस टँकर चुकला तरी लॉन मान टाकतं.

फटी आहेत कारण तुकडे सुकून आक्रसले, आणि फट पडली की बाजूनं वारा लागून कड आणखी सुकते. चाळलेली पोयटा माती, वाळू आणि मुरलेलं शेणखत समप्रमाणात मिसळून फटी भरा. तुमच्या जागेला तीन-चार घमेली पुरतील. पाणी दिल्यानंतर वळलेल्या कडांवर लाकडी फळी ठेवून तिच्यावर उभं राहा, तुकडा जमिनीला टेकला पाहिजे. तळहातानं थोपटल्यावर कुठे पोकळ आवाज आला तर तो तुकडा उचलून खाली माती भरा. उचललाच आहे तर खालचा गुळगुळीत थरही काट्यानं किंवा खुरप्याच्या टोकानं खरवडून घ्या. वाळलेली कड पुन्हा हिरवी होणार नाही, शेजारच्या धावत्या खोडांनी ती भरून निघेल. मेक्सिकनला त्यासाठी तीन-चार महिने द्यावे लागतात.

गंगापूर रोड: बंगल्याभोवती ८०० चौरस फूट काळी माती आहे. गेल्या पावसाळ्यात लॉन सडून गेलं. मार्चमध्ये त्याच जागी 'सिलेक्शन नंबर वन' जातीचं गवत पुन्हा लावलं. कंत्राटदार म्हणतो, वर एक ब्रास (१०० घनफूट) वाळू पसरली की निचरा होईल. पाऊस तोंडावर आला आहे, वाळू टाकू का?

नका टाकू. गवत नवं आणलंत, पण ज्या मातीनं मागचं गवत मारलं तीच खाली आहे, आणि वाळूनं ती बदलत नाही. काळी माती भिजली की फुगते आणि तिच्यातली बारीक छिद्रं मिटतात, मग पाणी खाली उतरायला वाटच राहत नाही. त्यात थोडी वाळू मिसळली तर चिकणमाती वाळूच्या कणांभोवती बसते आणि सुकल्यावर विटेसारखी कडक होते. फरक पडायचा तर निम्म्याहून जास्त वाळू लागेल, तेव्हा ती काळी माती उरतच नाही. ८०० चौरस फुटांवर एक ब्रास पसरली तर थर जेमतेम दीड इंचाचा होतो, खालचं तळं तसंच राहतं आणि गवताची मुळं त्या तळ्यात.

कुठलंही काम काढण्याआधी गच्चीचं पाणी कुठे पडतं ते बघा. हे कारण फार वेळा नजरेतून सुटतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस झाला की साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी उताराच्या पाइपांतून खाली येतं. तो पाइप लॉनच्या कोपऱ्यात सुटला असेल तर कुठलीही जात तिथे टिकणार नाही. एक एल्बो आणि काही फूट पीव्हीसी पाइप जोडून ते पाणी शोषखड्ड्यात किंवा बाहेरच्या गटारात न्या. निम्मं दुखणं तिथेच थांबू शकतं.

मग निचऱ्याची परीक्षा घ्या. लॉनच्या कडेला फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा काढा. एकदा पाणी भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी उभी करून तासाभरात पाणी किती उतरलं ते मोजा. इंचाच्या आसपास किंवा जास्त असेल तर माती ठीक आहे. अर्ध्या इंचाहून कमी असेल तर चर काढायलाच हवा. पाणी साचतं त्या बाजूनं बाहेरच्या उताराकडे ९ इंच रुंद आणि दीड फूट खोल चर घ्या. तळाला खडी, तिच्यावर भोकं पाडलेला ४ इंची पीव्हीसी पाइप, त्याभोवती जिओटेक्स्टाइल कापड, वर पुन्हा २० मिलिमीटरची खडी आणि शेवटचे चार इंच वाळूमिश्रित माती. कापड वगळू नका, काळी माती दोन पावसाळ्यांत पाइप बुजवून टाकेल. उतार दर १० फुटांना दीड इंच ठेवा आणि नजरेच्या अंदाजावर विसंबू नका, गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी मागून घ्या.

लावलेलं लॉन न उचलता जे करता येतं ते असं. अर्ध्या इंची जीआय पाइपचा फूटभर तुकडा घ्या, एक टोक घासून धारदार करा आणि पाणी साचणाऱ्या भागात सहा-सहा इंचांवर चार इंच खोल भोकं पाडा. नळीत अडकलेली मातीची कांडी प्रत्येक वेळी काढून टाका. पहारीनं भोकं पाडू नका, तिनं माती बाजूला दाबली जाते आणि भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या बंद होतात. १०० चौरस फुटांत अशी ४०० भोकं होतात आणि ती भरायला जाड वाळू घमेलंभर लागते. वाळू लागते ती इथे. हे काम वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, करा. मूठभर माती दाबून गोळा करा, बोटानं टोचल्यावर तो फुटला तर वाफसा आहे, नुसता दबला तर थांबा.

पाऊस लागला की स्प्रिंकलरचा टायमर बंद करायला विसरू नका. भर पावसात पहाटे पाच वाजता ठरल्याप्रमाणे चालू होणारे स्प्रिंकलर लॉन सडवायला हातभार लावतात. गवतावर तेलकट, काळसर गोल डाग दिसले तर नत्रखत थांबवा, कापलेलं गवत उचलून घ्या आणि उघडीप बघून मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात फवारा. हातमोजे आणि मास्क घाला, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना फवारा पूर्ण सुकेपर्यंत लांब ठेवा.

आमचं प्रामाणिक मत विचाराल तर या भोकांनी हा पावसाळा निभावेल. कायमचं उत्तर म्हणजे लॉन सहा इंच उचलून घेणं. पोयटा दोन भाग, जाड वाळू एक भाग, मुरलेलं शेणखत एक भाग. ८०० चौरस फुटांना सगळं मिळून चार ब्रास लागेल. सिन्नर-निफाडच्या पावसात काळी माती एखादवेळी चालूनही जाते. गंगापूर रोडपासून पश्चिमेला, त्र्यंबकच्या दिशेला जाल तसा पाऊस वाढतो आणि तिथे हा खर्च टाळून चालत नाही.

इंदिरानगर: लॉन लावून पाच आठवडे झाले. गवत तीन इंच वाढलं होतं. माळ्यानं यंत्र लावून एका दिवसात इंचावर आणलं आणि सगळं लॉन वाळल्यासारखं पिवळं दिसतंय. मेलं का?

मेलं नाही. गवताची हिरवी पानं वरच्या भागात असतात, सावलीत राहिलेली खालची खोडं मुळातच पिवळट असतात. वरचे दोन इंच एकदम गेल्यावर ती खोडं उघडी पडली. नखानं एक खोड खरवडून बघा, आत हिरवट ओलसर दिसेल. पेरांमधून नवी पानं फुटायला दोन ते तीन आठवडे लागतील. तोवर नेहमीसारखं पाणी द्या आणि घाबरून युरिया टाकू नका. पानं नसलेल्या गवताला ते पेलत नाही.

पुढे एकच नियम पाळा: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. लॉन दीड इंचावर ठेवायचं असेल तर सव्वादोन इंच झालं की कापा. तुमची पहिली कापणी खरं तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच, मुळं धरली की लगेच व्हायला हवी होती. पावसाळ्यात पाच-सात दिवसांनी कापावं लागेल, थंडीत तीन आठवड्यांनी एकदा पुरतं.

माळ्याच्या यंत्राचं पातंही तपासा. कापल्यानंतर दोन दिवसांनी एक पान तोडून डोळ्यांजवळ धरा. टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर पातं धारदार आहे. ते झाडूच्या टोकासारखं फाटलेलं आणि पांढरट असेल तर पातं गवत कापत नाही, ओरबाडतं, आणि दुरून सगळं लॉन धुरकट दिसतं. हातानं ढकलायचं सिलिंडरचं यंत्र चारपाचशे फुटांपर्यंत पुरेसं आहे आणि त्याची कापणी स्वच्छ असते. कडा कात्रीनं घ्या. दर वेळी दिशा बदला आणि ओल्या जमिनीवर यंत्र नेऊ नका, चाकांच्या चाकोऱ्या काळ्या मातीत वर्षभर राहतात.

नाशिक रोड: लॉन लावल्यावर बाराव्या दिवशी माळ्यानं मुठीमुठीनं युरिया फेकला. चौथ्या दिवशी हात फिरला तिथे-तिथे तपकिरी पट्टे उमटले आहेत.

पट्ट्यांचा आकारच कारण सांगतो. युरियात ४६ टक्के नत्र असतं. एका जागी जास्त पडलं की तिथलं पाणी क्षारयुक्त होतं आणि मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. आजच त्या भागाला २५ मिलिमीटर पाणी द्या, म्हणजे १०० चौरस फुटांना साधारण २३० लिटर. वाहू न देता, तीन-चार वेळा थांबून-थांबून. उद्या त्याच्या निम्मं. चार दिवस उलटून गेले आहेत, त्यामुळे सगळं वाचेलच असं नाही, पण नुकसान पुढे सरकणार नाही. तीन आठवड्यांनी जिथे हिरवं फुटलं नाही तेवढेच तुकडे बदला.

नव्या लॉनला पहिला महिना खत नको. त्यानंतर १०० चौरस फुटांना ५० ग्रॅम युरिया १० लिटर पाण्यात विरघळवून झारीनं द्या आणि लगेच साध्या पाण्यानं पानं धुऊन काढा. ५० ग्रॅम म्हणजे साधारण एक मूठ. ही मूठ आख्ख्या शंभर फुटांची आहे, हे माळ्याला दाखवून समजवा. महिन्यातून एकदा एवढं पुरे, आणि पाणी साचलेलं असेल तर तेही नको.

आडगाव: बोअरचं पाणी देतो. शिवाय आरओ मशीनचं वाया जाणारं पाणीही लॉनलाच जातं. नवी पानं पिवळी येत आहेत. युरिया दिला, फरक नाही.

पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या, हा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर तुम्ही पत्रात दिलंच आहे. नत्र कमी पडलं की आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. नवी पानं पिवळी आणि त्यांवर लांबट हिरव्या रेघा असतील तर लोह कमी पडतंय. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांना हे लक्षण सांगावं लागत नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण ते मुळांना मिळत नाही, आणि जड पाण्यातले बायकार्बोनेट त्यात भर घालतात.

हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम आणि लिंबूसत्त्व एक ग्रॅम असं द्रावण करून संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पानांवर फवारा. बोअरच्या पाण्यात हिराकस विरघळवलं तर थोड्या वेळात ते गंजासारखं तांबूस होतं आणि निकामी होतं. त्यासाठी साठवलेलं पावसाचं किंवा एसीचं पाणी वापरा. पाच लिटर द्रावण ५०० फुटांना पुरतं. पंधरा दिवसांनी पुन्हा. कोबा, शहाबादी फरशी किंवा भिंतीवर थेंब पडले तर तिथल्या तिथे धुवा, गंजाचा डाग नंतर जात नाही. हिराकस जमिनीत टाकून उपयोग नाही, चुनखडी ते बांधून टाकते.

आरओचं पाणी रोज लॉनला देणं थांबवा. घरात आलेल्या पाण्यातले क्षार त्यात एकवटलेले असतात आणि काळ्या मातीतून ते धुऊन जात नाहीत. ते फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा.

म्हसरूळ: नव्या लॉनमध्ये जागोजागी चकचकीत, फिकट हिरवी पाती गवताच्या वर येतात. उपटली की आठवड्यात परत. कुठलं औषध मारावं?

पात्याच्या बुडाशी देठ दोन बोटांत धरून फिरवा. तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा. तो बहुधा बाहेरून आणलेल्या मातीतून किंवा नर्सरीच्या तुकड्यांतूनच येतो. उपटल्यावर वरचं पातं हातात येतं, खाली गाठ तशीच राहते आणि ती नवा कोंब काढते.

उसात लव्हाळ्यासाठी वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल लागू पडतं, पण त्याची ३६ ग्रॅमची पुडी अख्ख्या एकराची असते. ४०० चौरस फुटांना त्यातलं ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं लागेल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते मोजता येत नाही आणि चिमूटभर जास्त झालं तर मुळं न धरलेल्या नव्या लॉनला धक्का बसतो. घरगुती लॉनला आम्ही ते सुचवत नाही.

हातानं काढा, पण वेळापत्रक लावून. चांगलं पाणी दिलेल्या दुसऱ्या दिवशी, माती मऊ असताना, लांब स्क्रूड्रायव्हर किंवा अरुंद खुरपं देठाशेजारी चार इंच सरळ खाली घाला, माती सैल करा आणि गाठीसकट ओढा. गाठ काळपट, हरभऱ्याएवढी असते, तिला सुगंधी वास येतो. मग दर दहा-बारा दिवसांनी फेरी. कोंब वर आल्यावर साधारण तीन आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात, त्याआधी तो निघाला की जुनी गाठ दर वेळी थोडी रिकामी होते. एक पावसाळा सातत्य ठेवलं तर लव्हाळा हटतो. घोळ, आंबुशी, नायटी या तणांची एवढी धास्ती नको, फुलं यायच्या आत उपटली की झालं.

सातपूर: गेल्या सप्टेंबरात लॉन सतरंजीसारखं गुंडाळलं जात होतं, खाली पांढऱ्या अळ्या होत्या. यंदा सगळं नवीन लावलं आहे. पुन्हा होईल का?

ती हुमणी. होऊ शकेल, पण तुमचं पत्र अगदी वेळेवर आलं आहे. वळवाचे किंवा मृगाचे पहिले पाऊस झाले की तपकिरी भुंगेरे जमिनीतून संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास बाहेर पडतात आणि कडुलिंब, बाभूळ, बोरीचा पाला खातात. मग माद्या मातीत अंडी घालतात. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत अळ्या मुळं खातात, तेच तुम्ही सप्टेंबरात पाहिलंत.

पहिल्या चांगल्या पावसानंतरचे पंधरा दिवस लॉनवरचे आणि पोर्चमधले पांढरे दिवे रात्री बंद ठेवा, भुंगेरे उजेडाकडे येतात. आवारात कडुलिंब असेल तर अंधार पडल्यावर खाली चादर अंथरून फांद्या हलवा आणि पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. शेजारच्या बंगल्यांनाही सोबत घ्या, एकट्यानं केलेल्याचा परिणाम अर्धाच राहतो. जुलैच्या सुरुवातीला मेटारायझियमची भुकटी १०० चौरस फुटांना २० ग्रॅम, चाळलेल्या गांडूळखतात मिसळून, ओल्या लॉनवर संध्याकाळी पसरा आणि पाणी द्या. ही जिवंत बुरशी आहे. ती अळ्या लहान असतानाच चांगलं काम करते आणि आगेमागे बुरशीनाशक फवारलं तर तीच मरते.

ऑगस्टमध्ये दोन-तीन ठिकाणी फूटभर चौकोन तीन बाजूंनी कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटा आणि अळ्या मोजा. एक-दोन असतील तर चिंता नको. पाच किंवा जास्त असतील, किंवा साळुंक्या रोज एकाच जागी चोच मारताना दिसल्या, तर अळ्या वेचा आणि मेटारायझियम पुन्हा द्या. कच्चं शेणखत लॉनवर घालणं मात्र कायमचं सोडा.

देवळाली कॅम्प: आंब्याखाली दोनदा लॉन लावलं, दोनदा विरळ झालं. कुठली जात लावू?

कुठलीच नको. लॉनच्या गवताला रोज पाच-सहा तास सरळ ऊन लागतं. आंब्याखाली तेवढं मिळत नाही आणि वरच्या थरातलं पाणी झाडाचीच मुळं पितात. फांद्या छाटून लॉन जगवण्यापेक्षा बुंध्याभोवती ऊन पोचतं तिथपर्यंत गवत थांबवा आणि आतल्या वर्तुळात ऑफिओपोगॉन हे सावलीत वाढणारं, गवतासारखं रोप लावा किंवा पालापाचोळाच राहू द्या. आंब्याला तो आवडतो.

नाशिकजवळचं एक गाव: बंगला नवीन आहे. लॉन दिवाळीनंतर लावलं तर स्वस्त पडेल असं नर्सरीवाले म्हणतात. लावू का?

दिवाळी ऑक्टोबरात असेल तर लगेच लावा. डिसेंबर-जानेवारीत नको. निफाडकडे पारा पाच अंशांच्या खालीही उतरतो आणि थंड मातीत ही गवतं मुळं काढायचं थांबवतात. तुकडे दोन महिने नुसते पडून राहतील. त्यापेक्षा फेब्रुवारीच्या शेवटी लावा.

पंचवटी: लॉन लावून पंधराच दिवस झाले आहेत आणि पुढच्या आठवड्यात अंगणात मुलीची हळद आहे. मांडव घालावा का?

घाला, कार्य महत्त्वाचं. आदल्या दोन दिवसांत पाणी देऊ नका, जमीन घट्ट हवी. मांडववाल्याला सांगा की खांब लॉनच्या कडेला घ्यायचे आणि हिरवी मॅट सकाळी अंथरून रात्रीच गुंडाळायची. मॅटखाली गवत दिवसभर तग धरतं, दोन दिवस झाकून राहिलं तर उन्हानं खाली वाफाळून पिवळं पडतं. खुर्च्यांपेक्षा सतरंज्या बऱ्या, पायांचे खळगे पडत नाहीत. हळदीच्या पाटाची जागा फरशीवर घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी १० मिलिमीटर पाणी द्या, सुटलेले तुकडे फळीनं दाबा आणि खळगे आठवड्यानं, वाफसा आल्यावर, चाळलेल्या मातीनं भरा.